मार्गारेट रदरफर्ड : वयाची अट न मानणारी अभिनेत्री

रहस्यकथांची आवड असणाऱ्यांना अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल नक्कीच ठाऊक असेल. खेडेगावात राहणारी ही हौशी गुप्तहेर आजीबाई पोलिसांना न सुटलेले गुन्हे सहज उलगडते. या मिस मार्पलला चित्रपटात सर्वप्रथम साकारले ते मार्गारेट रदरफर्ड यांनी. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या 69 वर्षांच्या होत्या!

मार्गारेट यांचा जन्म 11 मे 1892 रोजी लंडनमध्ये झाला. त्यांच्या वडिलांना मानसिक आजार होता. त्या आजाराच्या भरात 1883 मध्ये त्यांच्या हातून स्वतःच्याच वडिलांची हत्या झाली होती. काही वर्षे रुग्णालयात काढल्यावर ते बाहेर आले व पुढे कुटुंब भारतात आले. येथेच मार्गारेट यांच्या आईचे निधन झाले. तीन वर्षांच्या या पोरक्या मुलीला इंग्लंडला मावशीकडे पाठवण्यात आले. वडीलही वारले, असे तिला सांगण्यात आले होते. ते हयात असून पुन्हा रुग्णालयात आहेत, हे तिला नंतर कळले. हा आजार आपल्यालाही जडेल की काय, ही भीती त्यांना आयुष्यभर वाटत राहिली. निराशेचे झटकेही त्यांना येत असत.

मावशीने मात्र मायेने वाढवले. मार्गारेट पियानो आणि वक्तृत्व शिकवू लागल्या. सायकलवरून घरोघरी जाऊन त्या शिकवण्या घेत. अभिनयाची ओढ मनात होती, पण परिस्थिती आड येत होती. मावशीच्या निधनानंतर थोडा पैसा हाती आला आणि 1925 साली, वयाच्या 33 व्या वर्षी, त्या लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ या नाट्यसंस्थेत उमेदवार म्हणून दाखल झाल्या. तेथे पुढे काम मिळाले नाही. त्या परत शिकवण्या करू लागल्या, पण रंगभूमीचा नाद त्यांनी सोडला नाही.

स्थूल बांधा आणि पुढे आलेली हनुवटी यांमुळे नायिकेच्या भूमिका मिळणे शक्य नव्हते. मार्गारेट यांनी त्याचेच भांडवल केले. 1936 मध्ये त्या चित्रपटात आल्या. 1941 च्या ‘ब्लाइद स्पिरिट’ या नाटकातील मादाम अर्काती या भूमिकेने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. 1945 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, सहकलाकार स्ट्रिंगर डेव्हिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

1961 साली ‘मर्डर, शी सेड’ आला. रंगीत चित्रपटांच्या काळातला हा साधा, कृष्णधवल चित्रपट. धावत्या आगगाडीतून मिस मार्पल शेजारच्या गाडीतला खून पाहते. पोलिसांचा विश्वास बसत नाही, तेव्हा ती एका वाड्यात मोलकरीण म्हणून शिरते आणि स्वतः शोध लावते. खुनाचा विषय मार्गारेट यांना मुळीच रुचत नसे. दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक यांनी त्यांचे मन वळवले. मार्पलच्या मित्राची भूमिका खास स्ट्रिंगर डेव्हिस यांच्यासाठी लिहिली गेली. 1964 पर्यंत या मालिकेतले चार चित्रपट निघाले. ख्रिस्ती यांची मूळ मार्पल सडपातळ व शांत. त्यामुळे हे चित्रपट लेखिकेला पसंत नव्हते. तरीही 1962 ची आपली एक मार्पल कादंबरी त्यांनी मार्गारेट यांनाच अर्पण केली. याच पहिल्या चित्रपटात छोटी भूमिका करणाऱ्या जोन हिक्सन पुढे 1984 पासून बीबीसीच्या मालिकेत मिस मार्पल झाल्या.

‘द व्ही.आय.पी.ज’ या चित्रपटासाठी 1964 मध्ये 71 वर्षांच्या मार्गारेट यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. 1967 मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला. अखेरच्या आजारपणात पतीने त्यांची मनापासून सेवा केली. 22 मे 1972 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता वय निघून गेले, असे आपण स्वतःविषयी चटकन बोलतो. मुलगा मागे पडला, असे पालकही बोलून जातात. तिसाव्या वर्षी मार्गारेट या एका उपनगरातल्या पियानोच्या शिक्षिका होत्या. तेव्हाच कुणी त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला असता, तर तो साफ चुकला असता.