नर्गिस : काविळीपासून बार्शीपर्यंत

१९७० च्या सुमारास आमच्या जासईला गणपतीच्या दिवसांत पडद्यावर सिनेमा दाखवत असत. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना पांढरे कापड ताणून बांधले, की झाले थिएटर. पुढे जागा मिळाली नाही तर आम्ही मुले पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. तिथून सारे दिसायचे, फक्त उजव्याचे डावे होऊन. ‘मदर इंडिया’ मी पहिल्यांदा असाच पाहिला. स्वतःच्या खांद्यावर नांगर घेऊन ओढणारी ती बाई पाहताना माझी आत्या पदराने डोळे पुसत होती. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईला त्या पडद्यावरचा चिखल परका नव्हता. घरी जाताना ती म्हणाली नाही काहीच. पण त्या दिवसापासून नर्गिस ही आमच्या घरातली झाली.

पुढे या दोघींच्या आयुष्यात एक विचित्र साम्य निघाले. दोघींचाही शेवटचा आजार कावीळ म्हणून सुरू झाला. म्हणून आज नर्गिसची गोष्ट सांगताना मला आत्याला बाजूला ठेवता येत नाही.

नर्गिसचे मूळ नाव फातिमा रशीद. जन्म १ जून १९२९, कलकत्त्याचा. आई जद्दनबाई नावाजलेल्या गायिका. शिवाय चित्रपटांना संगीत देणाऱ्या, स्वतः चित्रपट काढणाऱ्या. त्या काळात बाईने हे करणे ही लहान गोष्ट नव्हती. वडील मोहनबाबू रावळपिंडीकडचे. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, ते राहून गेले. मुलीच्या मनातही तेच होते. मुंबईत शाळेत शिकत असताना आपण डॉक्टर होणार असे तिने ठरवून टाकले होते. पण घर सिनेमाचे. १९३५ च्या ‘तलाशे हक’मध्ये ती बेबी राणी या नावाने पडद्यावर आली होती आणि १९४३ साली मेहबूब खान यांनी ‘तकदीर’मध्ये तिला नायिका केले. तेव्हा ती १४ वर्षांची होती. डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

त्यानंतरची कहाणी आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ आहे. १९४९ साली ‘अंदाज’ आणि ‘बरसात’ एकाच वर्षी आले. १९५१ चा ‘आवारा’ रशियापर्यंत पोहोचला. १९५५ चा ‘श्री ४२०’, त्यातली पावसातली एक छत्री आणि दोन माणसे कोण विसरेल? १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ आला. तरुणपणापासून पिकल्या केसांपर्यंतची राधा तिने उभी केली, तेव्हा तिचे स्वतःचे वय तिशीच्या आतले होते. सुरतजवळच्या उमरा गावी चित्रीकरण चालू असताना गवताच्या गंज्यांना लावलेली आग आवरेना. त्या आगीत सापडलेल्या नर्गिसला सुनील दत्त यांनी बाहेर काढले. पडद्यावर तो तिचा मुलगा होता. ११ मार्च १९५८ रोजी दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी तिला पद्मश्री मिळाली.

लग्नानंतर तिने सिनेमा जवळजवळ सोडला. अपवाद १९६७ च्या ‘रात और दिन’चा. त्या भूमिकेसाठी तिला अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण संसारात रमून ती गप्प बसली नाही. अजंता आर्ट्स या पथकातून हे दांपत्य कलावंतांना घेऊन सीमेवरच्या जवानांपुढे कार्यक्रम करीत हिंडले. स्पॅस्टिक मुलांकडे पाहायलाही लोक तयार नसत, त्या काळात मुंबईच्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची ती पहिली आश्रयदाती झाली. डॉक्टर होता आले नाही, तरी आजारी माणसाच्या उशाशी उभे राहण्याची तिची ओढ काही सुटली नव्हती, असे मला वाटते.

१९८० साली ती राज्यसभेवर नियुक्त झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अधिवेशन चालू असताना तिची तब्येत बिघडली. डोळे पिवळे, अंग पिवळे. कावीळ असावी असे सर्वांना वाटले. मुंबईला आणून ब्रीच कँडी इस्पितळात दाखल केले. पंधरा दिवस तपासण्या चालल्या. वजन भराभर उतरत होते. अखेर निदान झाले ते स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे.

इथे थोडे थांबून शरीराची रचना समजून घेऊ, कारण सारे रहस्य तिथे आहे. यकृतात पित्त तयार होते. ते एका बारीक नळीतून लहान आतड्याकडे जाते. वाटेत ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून जाते. तिथे गाठ झाली, की नळी दाबली जाते. पित्त तुंबते आणि रक्तात उतरते. माणूस पिवळा पडतो, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिका होतो, अंगाला खाज सुटते. गाठ खुद्द पित्तनलिकेत झाली तरी हेच घडते. म्हणजे कावीळ हा आजार नव्हे, ती खूण आहे. आपल्याला माहीत असलेली साधी कावीळ बहुधा विषाणूची असते आणि पथ्याने, विश्रांतीने उतरते. नळी बंद झाल्याची कावीळ मात्र पथ्याने उतरत नाही. बरेचदा ती दुखतही नाही, आणि न दुखणाऱ्या आजाराला आपल्याकडे कोण भितो?

नर्गिसला उपचारासाठी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग इस्पितळात नेण्यात आले. या प्रकारच्या कॅन्सरवरची मोठी शस्त्रक्रिया त्याच शहरातल्या एका सर्जनच्या नावाने ओळखली जाते. ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती मांडली. स्वादुपिंडाचे डोके, त्याला बिलगलेला आतड्याचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा तुकडा काढायचा. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडायचे. सुतार लाकडाला सांधा बसवतो तसे तीन सांधे, आणि तेही ओल्या, फाटणाऱ्या धाग्यासारख्या अवयवांत. एक सांधा पाझरला तरी जिवावर बेतते. १९८० साली जगातल्या चांगल्या इस्पितळांतही ही जोखीम फार मोठी होती. नर्गिसच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली आणि त्यामागून गुंतागुंतही आली. सुनील दत्त तिच्या उशाशी बसून राहिले. काही महिन्यांनी ती मुंबईला परतली. पण ते परतणे टिकले नाही. २ मे १९८१ रोजी ती बेशुद्धावस्थेत गेली आणि दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी गेली. वय ५१. थोरल्या मुलाचा, संजयचा पहिला चित्रपट ‘रॉकी’ त्याच आठवड्यात झळकला. पहिल्या खेळाला तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

पाच वर्षांनी, १९८६ च्या पावसाळ्यात आत्याचे डोळे पिवळे झाले. आमच्या भागात कावीळ म्हटली की झाडपाला. चुन्याच्या निवळीने हात धुवायचे, पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली म्हणायचे; गळ्यात काविळीची माळ घालायची, ती लांबत गेली की गुण आला समजायचे. मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो, चार बुके शिकलेला होतो, नर्गिसची बातमी वाचलेली होती. तरी मी गप्प बसलो. आत्याला दुखत नव्हते ना! तीन महिने गेले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेले, तेव्हा सर्जनने शांतपणे सांगितले, की आता शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे. बँकेत मी रोज लोकांना मुदतीचे महत्त्व समजावीत होतो. घरातली मुदत माझ्या डोळ्यांदेखत टळली.

नर्गिसला सर्व काही वेळेवर, पैशाने मिळू शकणारे सगळे मिळाले, तरी ती वाचली नाही. आत्याला काहीच वेळेवर मिळाले नाही. तीन महिने आधी नेले असते तर ती वाचली असती, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. या कॅन्सरमध्ये निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येण्याजोगे रुग्ण पाचांत एखादाच निघतो. पण तो एक कोण, हे तपासल्याशिवाय कसे कळणार? तपासण्याची संधीच आम्ही तिला दिली नाही, हे शल्य आहे.

नोकरीत पुढे माझी बदली सोलापूर जिल्ह्यात झाली. एकदा कामासाठी बार्शीला गेलो. भगवंताच्या मंदिरात दर्शन घेऊन निघालो आणि एका इस्पितळाच्या पाटीवर नजर खिळली : नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. ज्वारीच्या रानांतून आलेले धोतर-मुंडाशातले शेतकरी, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, पिशवीत भाकरी बांधून आलेली लेक-सून. मी तिथल्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिलो. पडद्यावरची राधा अखेर आपल्या माणसांत येऊन पोहोचली होती.

सुनील दत्त यांनी पत्नीच्या नावाने कॅन्सर रुग्णांसाठी निधी उभारण्याचे काम हाती घेतले आणि २००५ साली जाईपर्यंत सोडले नाही. बार्शीचे इस्पितळही तिचेच नाव घेऊन उभे राहिले. १९८७ पासून तिथे बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंद घेत आणि लक्षणे दिसताच इस्पितळात या, असे लोकांना सांगत. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसंबंधी मोठा अभ्यास झाला, त्यात या इस्पितळाचा वाटा होता. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूची एकच तपासणी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हे आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिले.

पोटाच्या शस्त्रक्रियाही आता तेव्हाच्या राहिलेल्या नाहीत. व्हिपल यांच्या शस्त्रक्रियेत अनुभवी इस्पितळांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचांच्या आत आले आहे. यकृत निरोगी असेल तर त्याचा निम्म्याहून जास्त भाग काढला तरी उरलेले पुन्हा वाढते. शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर दुर्बिणीने नळीत लहानशी नळी बसवून कावीळ उतरवता येते; निदान खाज थांबते, अन्न जाते. लवकर येणाऱ्याला या साऱ्याचा जास्तीत जास्त उपयोग होतो.

आमच्या जासईच्या आसपासचे मिठागर गेले, भातशेती गेली, बंदर आले, रस्ते आले. काविळीची माळ मात्र अजून कुणाकुणाच्या गळ्यात दिसते. मी कुणाच्या श्रद्धेवर वाद घालीत नाही. एवढेच सांगतो, की माळ घाला, पण त्याच दिवशी रक्त तपासा आणि पोटाची सोनोग्राफी करा; विशेषतः माणूस पन्नाशीच्या पुढचा असेल, दुखत नसेल आणि वजन उतरत असेल तर. कुणी विचारले की हे तुम्हाला कुठून कळले, तर मी नर्गिसचे नाव घेतो. आत्याचे नाव मनात ठेवतो.