गुलबदन बेगम

बाबर बादशहाची कन्या गुलबदन हिचा जन्म १५२३ च्या सुमारास काबूल येथे झाला. १५३० साली बाबर वारला. तिचा भाऊ हुमायून गादीवर आला आणि लवकरच भावाभावांत कलह माजला.

तो कलह गुलबदनने जनानखान्यात राहून पाहिला. एकदा ती कामरान या सावत्र भावाच्या ताब्यात होती. नवऱ्याला पत्र लिहून आपल्या पक्षास वळव, असा त्याने तिला आग्रह केला. माझे अक्षर ते ओळखणार नाहीत, असे सांगून तिने चतुराईने तो टाळला.

पुढे १५८७ च्या सुमारास अकबराच्या दरबारी इतिहासाची साधने जमविली जात होती. अकबराने आपल्या या वृद्ध आत्यास आठवणी लिहिण्यास सांगितले. काम नाजूक होते. हिंदाल हा तिचा सख्खा, जिवापाड आवडता भाऊ. पण हुमायून बंगालच्या स्वारीत गुंतला असता त्यानेच आग्र्यास राजपद बळकावण्याचा प्रयत्न केला होता. गुलबदनने ते झाकले नाही. कामरानच्या रात्रीच्या हल्ल्यात, हुमायूनच्या बाजूने लढताना १५५१ साली त्याच हिंदालला आलेले मरणही तिने लिहिले. ते लिहिताना तिचे दुःख लपत नाही.

तिचा ग्रंथ साध्या, घरगुती फारसीत आहे. १६०३ साली ती वारली. तिच्या ‘हुमायूननामा’चे हस्तलिखित आज लंडन येथे आहे. हुमायूनच्या हुकुमाने कामरानचे डोळे फोडण्यात आले, त्या प्रसंगापाशी ते एकाएकी तुटते.