थिओडोर कूपर

थिओडोर कूपर (१२ जानेवारी, इ.स. १८३९ – २४ ऑगस्ट, इ.स. १९१९) हे अमेरिकन स्थापत्य अभियंता होते. रेल्वे पुलांवरील भार ठरवण्याची त्यांची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सेंट लुईसच्या ईड्स पुलावरही त्यांनी काम केले होते.

क्वेबेक पूल

इ.स. १९०० मध्ये ते कॅनडातील क्वेबेक पुलाचे सल्लागार झाले. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट करण्यात आला, मात्र पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित नव्याने मांडले गेले नाही. सरकारने आराखडे अन्य अभियंत्याकडून तपासून घेण्याचा विचार करताच कूपर यांनी त्यास विरोध केला आणि त्यांच्या कीर्तीपुढे तो विचार मागे पडला. वजन गृहीतापेक्षा बरेच अधिक असल्याचे लक्षात आले, तोवर बांधकाम पुढे गेले होते. वाढीव ताण सोसण्याजोगा आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. आधीच झालेला खर्च आणि अतिआत्मविश्वास निर्णयाला कसे झुकवतात, हे येथे स्पष्ट दिसते.

प्रकृतीमुळे कूपर न्यू यॉर्कमध्येच राहिले. पोलादी बांधणी त्यांनी जागेवर जाऊन पाहिलीच नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये दाब पेलणारे खालचे भाग वाकू लागल्यावर जागेवरील अभियंता नॉर्मन मॅक्लूर त्यांना भेटण्यास गेले. २९ ऑगस्टला कूपर यांनी भार न वाढवण्याची तार केली, पण ती क्वेबेकला नव्हे, तर पेनसिल्व्हेनियातील कंत्राटदार कंपनीला. त्याच संध्याकाळी पूल कोसळून ७५ कामगार ठार झाले. त्यांपैकी ३३ कानावागे येथील मोहॉक होते.

चौकशी आयोगाने कूपर व आराखडाकार पीटर श्लापका यांच्या निर्णयातील चुकांना जबाबदार धरले. नव्या, अधिक भक्कम आराखड्याचा पूल १९१७ मध्ये पूर्ण झाला.