वेदना आणि विश्वास : हकीम इब्न सिना

कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश ग्रंथालयाच्या साहाय्याने २०१४ साली जुनी अरबी शास्त्रीय हस्तलिखिते संगणकावर सर्वांना खुली केली. त्या विद्येतले एक थोर नाव म्हणजे हकीम इब्न सिना. आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म सुमारे ९८० साली बुखाऱ्याजवळ झाला. ऐन तारुण्यात त्यांनी तिथल्या अमिराच्या उपचारात भाग घेतला आणि त्यांना राजग्रंथालय खुले झाले. पुढे आश्रयदाते बदलले, तुरुंगवास घडला, पण लेखणी थांबली नाही. ‘कानून’ या वैद्यकग्रंथात त्यांनी वेदनेचे १५ प्रकार सांगितले.

मनाविषयी लिहिताना ते म्हणतात की, बरे होण्याच्या दृढ विश्वासाने रोगी बरा होऊ शकतो आणि आजाराच्या धास्तीने धडधाकट माणूस आजारी पडू शकतो. जमिनीवरच्या फळीवरून सहज चालणारा माणूस तीच फळी खोल दरीवर टाकली की डगमगतो, हा त्यांचा दाखला.

आजचे डॉक्टर यांना प्लासिबो आणि नोसिबो म्हणतात. विश्वासाने मेंदू स्वतःच वेदनाशामक द्रव्य सोडतो; भीतीने तीच सुई जास्त टोचते. आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली की आपल्याला बरे वाटे, तेही बहुधा यामुळेच.

मात्र विश्वास वेदना हलकी करतो, रोग मुळातून काढत नाही. पोटशूळ झाला तेव्हा इब्न सिनांनी घाईने एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली, असे त्यांच्या शिष्याने नोंदले आहे. १०३७ साली हमदान येथे ते वारले. म्हणून दुखणाइताला आपण धीर द्यावा आणि वेळेवर दवाखान्यातही न्यावे.