पुडीमागचे दुखणे शोधणाऱ्या डॉक्टर

डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत. पती अनिल अवचटही डॉक्टर, पण त्यांनी लेखन पत्करले. घर चालले ते अनिताताईंच्या पगारावर. १९८०च्या दशकात गर्दने तरुण मुले पोखरायला सुरुवात केली. अवचटांची त्यावरील लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले.

गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, ज्याला व्यसनी मुले 'टर्की' म्हणतात, काही दिवसांत ओसरतो. खरे काम त्यानंतरचे. अनिताताई व्यसनी माणसाला वाईट नव्हे, आजारी मानत. पुडी त्याच्यासाठी काय करत होती, हे त्या शोधत: भीती दडपत होती, एकटेपणा भरून काढत होती, की मित्रांत मान मिळवून देत होती? म्हणून औषधांइतकेच गटात बोलण्याला महत्त्व आले, आणि व्यसनातून बाहेर पडलेलेच तिथे कार्यकर्ते झाले.

आज इंदापूरच्या एखाद्या गावातून बारामतीच्या कॉलेजात आलेल्या मुलाच्या हातून मोबाईल सुटत नाही, तेव्हा हाच प्रश्न विचारावा लागतो. नव्या वर्गात बुजणे, इंग्रजीची धास्ती, नापास होण्याची भीती, खोलीवरचा एकटेपणा. हे सगळे स्क्रीनवर बोट फिरवताना तेवढ्यापुरते विसरते. पुढच्या क्षणी काय दिसेल, कुणाची लाईक येईल, हे ठाऊक नसते. मेंदूला हीच अनिश्चितता खिळवून ठेवते. वडील फोन हिसकावून घेतात. मुलगा चिडतो, अस्वस्थ होतो, आणि त्याची धास्ती तिथेच राहते. मोबाईल म्हणजे गर्द नव्हे, हेही खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग'ची विकृती आहे, सरसकट मोबाईलचा वापर नाही. शिवाय अभ्यासही आता फोनवरच, त्यामुळे तो कायमचा सोडा असे सांगता येत नाही.

कर्करोगाशी झुंजत असतानाही अनिताताईंनी काम सोडले नाही. १९९७ मध्ये त्या गेल्या. पुढे मुक्तांगणची धुरा त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळली. दारू-गर्दच्या रुग्णांबरोबर मोबाईल सुटत नाही म्हणून आलेली मुलेही आता तिथे दाखल होतात.