संत थॉमस अक्वायनस : शब्द आणि मौन

दररोजच्या प्रार्थनेत आपण परमेश्वराला चांगला, दयाळू, न्यायी म्हणतो. परंतु माणसांच्या व्यवहारात घडलेले हे शब्द अनंत परमेश्वराला लागू पडतात काय? नसतील, तर आपली प्रार्थना पोकळ ठरेल. संत थॉमस अक्वायनस यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा विचार केला.

इटलीतील रोक्कासेक्का येथे सुमारे १२२५ साली एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. भिक्षेवर जगणाऱ्या डोमिनिकन संघात त्यांनी प्रवेश केला, तेव्हा घरच्यांनी त्यांना सुमारे वर्षभर कोंडून ठेवले. परंतु ते ढळले नाहीत. पुढे ते संत आल्बर्ट यांचे शिष्य झाले. स्थूल आणि अबोल थॉमसना सहाध्यायी मुका बैल म्हणून चिडवीत. १२५६ साली हाच अबोल शिष्य पॅरिस विद्यापीठात आचार्य झाला.

परमेश्वर काय नाही, एवढेच आपण सांगू शकतो, असे थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांचे मत होते. थॉमसनी त्यांचा आदराने अभ्यास केला. मात्र हे मत त्यांना अपुरे वाटले. देवाला चांगला म्हणणाऱ्या भक्ताला, देव वाईट नाही, याहून अधिक काही म्हणायचे असते.

‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातील तेराव्या प्रश्नात त्यांनी मधला मार्ग दाखविला. गळ्यातला हार आणि खेळातली हार यांत अर्थाचे नाते नाही. परंतु निरोगी शरीर आणि निरोगी आहार यांत ते आहे : आहार शरीराच्या आरोग्याचे कारण आहे. अर्थ अगदी एकच नाही, तरी असंबद्धही नाही. त्याचप्रमाणे माणसातील चांगुलपणाचा उगम परमेश्वर आहे आणि तो चांगुलपणा त्याच्या ठायी परिपूर्ण आहे. म्हणून आपला शब्द खरा आहे, मात्र तोकडा आहे.

६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्स येथे मिस्सा अर्पण करताना त्यांना विलक्षण अनुभव आला, असे सांगितले जाते. त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. जे दिसले त्यापुढे आपले लिखाण त्यांना गवताच्या काडीसारखे वाटले. महाग्रंथ अपूर्ण राहिला. लिओंच्या धर्मपरिषदेला जाताना, ७ मार्च १२७४ रोजी फोस्सानोव्हाच्या मठात ते प्रभूघरी गेले. १३२३ साली त्यांना संतपद देण्यात आले.

त्यांच्या मौनाने त्यांचे शब्द खोटे ठरले नाहीत. शब्द तोकडे आहेत, हे तर त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. २८ जानेवारीला त्यांचा सण साजरा करताना आपणही विश्वासाने बोलावे आणि नम्रतेने थांबावे.