लॅप टाइम बघून स्पोर्ट्स कार चांगली की वाईट ते ठरतं का? फांजिओचं आयुष्य काय सांगतं बघा

गाड्यांची रील्स बघत असाल तर हा वाद तुमच्या फीडमध्ये आलाच असेल. एक गट म्हणतो, अमुक गाडीने जर्मनीच्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर सात मिनिटांच्या आत फेरी मारली, म्हणजे तीच भारी. दुसरा गट म्हणतो, ट्रॅकवरचे आकडे घेऊन करायचं काय, गाडी तर रस्त्यावरच चालवायचीय. मग कमेंटमध्ये शंभर जण भांडतात आणि कुणाचंच मत बदलत नाही.

या वादाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात बऱ्यापैकी सापडतं. त्याच नुर्बुर्गरिंगवर त्याने १९५७ साली मारलेल्या फेऱ्यांबद्दल लोक आजही बोलतात. पण त्याच्या मोठ्या विजयांपैकी एक असा आहे, ज्यात तो एकाही टप्प्यात पहिला नव्हता. त्याचं नाव हुआन मॅन्युएल फांजिओ.

आधी लॅप टाइम म्हणजे काय ते समजून घेऊ

ट्रॅकची एक पूर्ण फेरी मारायला लागलेला वेळ म्हणजे लॅप टाइम. याला इतकं महत्त्व मिळालं त्याला कारण आहे. गाडीचा टॉप स्पीड सरळ रस्त्यावर कळतो. पण फेरी मारताना इंजिन, ब्रेक, टायर, सस्पेन्शन, वजन आणि हवेचा दाब या सगळ्यांची परीक्षा एकदम होते. शेवटी एकच आकडा हातात येतो, तो लक्षातही राहतो आणि शेअर करायलाही सोपा.

अडचण पण तिथेच आहे. त्या एका आकड्यात गाडीबरोबर इतरही बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या कोणत्या, हे फांजिओच्या गोष्टीतून कळतं.

गॅरेजमधला पोरगा

अर्जेंटिनात बाल्कार्से नावाचं एक छोटं शहर आहे. तिथे २४ जून १९११ रोजी फांजिओचा जन्म झाला. आईवडील इटलीहून आलेल्या कुटुंबांतले, घरची परिस्थिती बेताची. लहान वयातच तो गॅरेजमध्ये कामाला लागला. इंजिन उघडायचं, जोडायचं, कुठला आवाज कशामुळे येतो ते ओळखायचं, हेच त्याचं शिक्षण. पाय थोडे वाकडे होते म्हणून फुटबॉल खेळताना मित्रांनी त्याचं टोपणनावही तसंच पाडलं. पुढे मित्रांसोबत त्याने स्वतःचं गॅरेज काढलं.

१९३६ साली तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला, तेही टॅक्सी म्हणून वापरलेल्या फोर्ड गाडीतून. नंतर बाल्कार्सेच्या लोकांनी वर्गणी काढली आणि त्याला शर्यतीसाठी शेव्हरोले गाडी घेऊन दिली. आपल्याकडे गावातला पोरगा कुस्तीत चमकला की गाव त्याच्या खुराकाची सोय करतं, तसंच काहीसं.

९,५०० किलोमीटरची शर्यत

त्या काळात दक्षिण अमेरिकेतल्या अनेक शर्यती ट्रॅकवर होत नव्हत्या. १९४० साली फांजिओ ज्या शर्यतीत जिंकला ती ब्युनॉस आयर्सहून निघून पेरूची राजधानी लिमापर्यंत जायची आणि परत यायची. अंतर साधारण ९,५०० किलोमीटर. मध्ये अँडीज पर्वत, विरळ हवा, कच्चे रस्ते, धूळ आणि दऱ्या. वाटेत गाडी बिघडली तर चालक आणि त्याचा साथीदारच ती दुरुस्त करणार.

अशा शर्यतीत एखादा टप्पा सुसाट काढून पुढे इंजिन जळालं तर काय उपयोग? फांजिओ इथे जे शिकला ते त्याला आयुष्यभर पुरलं. गाडीकडून किती काढून घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला कळायला लागलं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना सातपुड्यातला देवगोई घाट लागतो. या वाटेवर रोज माणसं भरून जीप चालवणाऱ्याला गाडी कशी आहे विचारलं, तर किती मिनिटांत घाट चढली हे तो सांगणार नाही. उतारावर ब्रेक तापतात का, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढते का, पार्ट कुठे मिळतो, हे सांगेल. फांजिओची सुरुवातीची शाळा याच जातीची होती.

या शाळेची फी मात्र जबर होती. १९४८ साली पेरूत एका शर्यतीत रात्री त्याची गाडी कोसळली. त्यात त्याचा साथीदार डॅनियल उरुतियाचा जीव गेला.

युरोपात गेला आणि पाच वेळा विश्वविजेता झाला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शर्यती बंद पडल्या. फांजिओ युरोपात नीट स्थिरावला तेव्हा वयाची चाळिशी जवळ आली होती. या वयात बरेच चालक निवृत्तीचा विचार करतात. त्याने १९५१, १९५४, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा फॉर्म्युला वनची जगज्जेतेपदं मिळवली. तीही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून : अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती. १९५४ चं विजेतेपद तर मासेराती आणि मर्सिडीज या दोघांत विभागलेलं. म्हणजे गाडी बदलली तरी माणूस जिंकतच होता.

मध्ये १९५२ साल वाईट गेलं. रात्रभर गाडी चालवून तो इटलीत मोंझाला शर्यतीच्या जेमतेम अर्धा तास आधी पोहोचला आणि थकलेल्या अवस्थेतच उतरला. दुसऱ्याच फेरीत अपघात झाला, मानेचं हाड मोडलं आणि उरलेला हंगाम गेला.

एकही टप्पा न जिंकता जिंकलेली शर्यत

आता स्पोर्ट्स कारच्या मुद्द्यावर येऊ. १९५३ साली इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत फांजिओ अल्फा रोमिओ चालवत होता. साधारण १,६०० किलोमीटरची शर्यत, सगळी सार्वजनिक रस्त्यांवर. वाटेत स्टिअरिंगमध्ये बिघाड झाला आणि पुढचं एकच चाक वळायला लागलं. तशा गाडीतही तो दुसरा आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोत कारेरा पानामेरिकाना झाली. ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर, आठ टप्पे. फांजिओ लान्चिया डी २४ घेऊन उतरला. आठपैकी एकाही टप्प्यात तो पहिला आला नाही. त्याच्या संघातला फेलिचे बोनेत्तो शर्यतीतच अपघातात गेला. फांजिओने गाडी सांभाळत शेवटपर्यंत नेली आणि एकूण वेळेत तोच पहिला ठरला.

टप्प्याटप्प्याच्या आकड्यांवरून निवड केली असती तर ही गाडी आणि हा माणूस यादीत वर दिसलेच नसते.

आणि मग ते १९५७

४ ऑगस्ट १९५७. जर्मन ग्रां प्री, ठिकाण नुर्बुर्गरिंग. तेव्हा एक फेरी २२.८१ किलोमीटरची होती आणि अशा २२ फेऱ्या मारायच्या होत्या. फांजिओ ४६ वर्षांचा, गाडी मासेराती २५० एफ. समोर माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे दोन तरुण इंग्लिश चालक, दोघेही फेरारीत.

फेरारीच्या गाड्या पूर्ण टाकी भरून, कडक टायर लावून न थांबता शर्यत काढणार होत्या. फांजिओने उलटं केलं. त्याने अर्धी टाकी आणि मऊ टायर घेतले. गाडी हलकी, पकड चांगली, पण मध्ये एकदा थांबावं लागणार.

थांबेपर्यंत त्याने सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी घेतली. पण टायर बदलताना आणि इंधन भरताना गोंधळ झाला. तो परत वेगात आला तेव्हा दोन्ही फेरारींच्या जवळपास पाऊण मिनिट मागे होता.

तिथून पुढे त्याने लॅप रेकॉर्ड मोडायचा धडाकाच लावला. आदल्या वर्षी त्याचाच विक्रम ९ मिनिटं ४१.६ सेकंदांचा होता. विसाव्या फेरीत त्याने ९ मिनिटं १७.४ सेकंद वेळ काढली, म्हणजे २४ सेकंदांहून जास्त सुधारणा. एकविसाव्या फेरीत दोघांनाही मागे टाकलं आणि ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. हा त्याचा २४ वा आणि शेवटचा ग्रां प्री विजय.

आता आकड्यांकडे नीट बघा. सरावात याच गाडीत याच माणसाने सगळ्यांत चांगली वेळ ९ मिनिटं २५.६ सेकंद काढली होती. शर्यतीत तो त्यापेक्षा आठ सेकंदांनी वेगवान ठरला. त्याच शनिवार-रविवारात गाडी काही नव्याने तयार झाली नव्हती. ताजे टायर, इंधनाचं वजन, मागे पडल्याची चीड आणि जे वळण खालच्या गिअरमध्ये घ्यायचं ते वरच्या गिअरमध्ये घ्यायची तयारी, हे सगळं त्या आठ सेकंदांत होतं. मग ९ मिनिटं १७.४ सेकंद हा आकडा मासेरातीचा धरायचा की फांजिओचा?

इतका धोका पुन्हा पत्करायची आपली इच्छा नाही, हे त्याने नंतर उघडपणे सांगितलं होतं. त्यामागे कारण होतं. १९५५ साली ल मांसमध्ये त्याच्या डोळ्यांदेखत गाडी प्रेक्षकांत घुसली होती आणि ८० हून जास्त माणसं मेली होती. तो स्वतः थोडक्यात वाचला होता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, कॉलिन्स याच नुर्बुर्गरिंगवर गेला. हॉथॉर्न १९५८ चा विश्वविजेता झाला, निवृत्त झाला आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडच्या साध्या ओल्या रस्त्यावर स्वतःच्या जॅग्वारमध्ये अपघातात मरण पावला. रस्ता वेगळा, ट्रॅक वेगळा, हे यापेक्षा कठोरपणे सांगता येणार नाही.

फांजिओ १९५८ मध्येच थांबला. त्याच वर्षी क्युबात क्रांतिकारकांनी त्याचं अपहरण करून त्याला सुखरूप सोडलं, तो वेगळाच किस्सा. पुढे तो अर्जेंटिनात मर्सिडीजच्या व्यवसायात राहिला. १९८६ साली बाल्कार्सेमध्ये त्याचं संग्रहालय उघडलं. १७ जुलै १९९५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला. त्याच्या बरोबरीच्या कितीतरी चालकांना एवढं आयुष्य मिळालं नाही.

मग लॅप टाइम बघायचा की नाही?

बघायचा, पण तो कशाचा आकडा आहे ते विचारून.

चालक कोण होता? २००८ साली निस्सानने जीटी-आर गाडीसाठी नुर्बुर्गरिंगवर ७ मिनिटं २९ सेकंदांचा दावा केला. पोर्शेने तीच गाडी विकत घेऊन आपल्या चालकाकडून चालवली, तर ७ मिनिटं ५४ सेकंद लागले. टायर आणि चालक यांवरून दोन्ही कंपन्यांत चांगलीच जुंपली.

अंतर किती धरलं? याच ट्रॅकवर आधी २०.६ किलोमीटरच्या वेळाही सांगितल्या जायच्या. २०१९ पासून अधिकृत वेळेसाठी २०.८३२ किलोमीटरची पूर्ण फेरी धरतात. दोन वेगळ्या अंतरांचे आकडे शेजारी ठेवले तर तुलना फसते.

टायर कोणते होते? ट्रॅकसाठी बनवलेले मऊ टायर वेळ कमी करतात, पण पावसाळ्यात भरवशाचे नसतात आणि लवकर झिजतात.

लॅप टाइमचा खरा उपयोग इंजिनिअरला होतो. तोच चालक, तोच दिवस, तेच टायर, आणि गाडीत एकच बदल. मग जो फरक पडेल तो त्या बदलाचा. दोन वेगळ्या कंपन्यांनी वेगळ्या दिवशी काढलेले आकडे भिडवून गाडी ठरवायची असेल, तर तीन-चार सेकंदांच्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. फांजिओने एकट्यानेच त्याच गाडीत, त्याच ट्रॅकवर आठ सेकंद शोधून काढले होते.

पुढच्या वेळी लॅप टाइमचं रील समोर आलं तर आकड्याच्या खाली चालकाचं नाव, टायर आणि अंतर दिलंय का ते बघा. नसेल तर ती जाहिरात समजा आणि पुढे स्क्रोल करा.